नुसता डिस्प्यूट टाकून भागत नाही

क्रेडिट रिपोर्टमधली चूक कशी दुरुस्त करायची यावरच्या लेखात लिहिलंय की सिबिलच्या (लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या) साइटवर ऑनलाइन डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकल्याची तक्रार, टाका, चुकीची थकबाकी निघून जाईल. हे अर्धंच खरं आहे. सिबिल स्वतःहून एक आकडाही बदलत नाही. तक्रार बँकेकडे जाते, बँक म्हणाली 'आमची माहिती बरोबर', की मिटलं.

ऐरोलीच्या माझ्या मेहुण्याचं घरकर्ज यातच लटकलं होतं. क्रेडिट कार्डाचे सगळे पैसे चुकते, एनओसी (काही बाकी नाही असा बँकेचा दाखला) हातात, तरी रिपोर्टमध्ये 'क्लोज्ड'ऐवजी 'सेटल्ड'! म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली, असा शिक्का. डिस्प्यूट फेटाळला गेला. मग बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारी बघणारा वरचा अधिकारी) लेखी पत्र, सोबत एनओसी आणि शेवटचं स्टेटमेंट, कॉपीवर तारखेसकट पोच. तेव्हा कुठे चक्रं हलली. (कस्टमर केअरवाल्यांचं 'नोंद घेतली आहे' कुठे जातं देव जाणे.)

तक्रारीचा ३० दिवसांत निकाल नाही लागला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. लेखात त्याचा उल्लेखच नाही. त्यानंतरही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. आणि एक्स्पिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचे रिपोर्टही बघा, चूक तिथेही असू शकते.

बाकी ठाणे स्टेशनबाहेर 'सिबिल क्लिअर करून मिळेल' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. खरंच थकवलेल्या हप्त्याची नोंद त्यांच्या बापालाही पुसता येणार नाही. पॅनकार्डाची झेरॉक्स तर मुळीच देऊ नका.