भगूरची थेट बस तोडायची का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे आणि चिडून लिहिलेली आहे. लॅम रोडच्या थांब्यावर रोज उभं राहणाऱ्याने चिडावं यात नवल नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भगूर, एकलहरे, शिंदे-पळसे अशा बाहेरच्या गावांहून थेट नाशिक शहरातल्या निमाणी बसस्थानकापर्यंत येणाऱ्या शहर बस नाशिकरोडला संपवाव्यात, नाशिकरोड ते निमाणी दर दहा मिनिटांनी गाडी ठेवावी आणि प्रवाशांनी नाशिकरोडला गाडी बदलावी, असं मी सुचवलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप असे : हा नकाशावर रेघा ओढण्याचा उद्योग आहे, पिशव्या घेऊन बुधवारच्या बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना गाडी बदलणं जमणार नाही, तिकीट दोनदा काढावं लागेल, वाटेतल्या द्वारका चौकाच्या कोंडीत दहा मिनिटांचा हिशेब कोलमडेल, थांबे कमी करणं म्हणजे लोकांना उन्हात चालवणं, आणि मुळात आधी गाड्या वाढवा, मग वेळापत्रक शिकवा.

शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, म्हणून तोच आधी. मार्ग तोडल्याने गाड्या वाढत नाहीत हे तुमचं म्हणणं बरोबर आहे, आणि मूळ लेखात मी ते गुळमुळीत ठेवलं होतं. हिशेबच करू. आकडे धरलेले आहेत. प्रत्यक्षात ते गाड्यांच्या जीपीएसमधून काढायचे. दुपारी नाशिकरोड ते निमाणी ३८ मिनिटं आणि टोकाला ७ मिनिटं विसावा, म्हणजे जाऊन-येऊन ९० मिनिटं. नाशिकरोड ते भगूर २५ मिनिटं आणि ५ मिनिटं विसावा, जाऊन-येऊन ६०. थेट भगूर-निमाणी गाडी ठेवली तर ६३ अधिक ७, जाऊन-येऊन १४०. म्हणजे तोडल्यावर दोन्ही तुकडे मिळून फेरा (जाऊन-येऊन लागणारा वेळ) १४० वरून १५० वर गेला. तासाला एक फेरी द्यायची तर थेट असो की तोडलेली, तीन गाड्या लागतातच.

मग फायदा कुठे आहे? मुख्य रस्त्यावर, म्हणजे नाशिकरोड ते निमाणी, गाड्या एकमेकींच्या अंगावर येतात, तिथे. समजा नाशिकरोड-निमाणी स्वतःच्या तासाला ६ फेऱ्या आहेत, आणि तीन गावांच्या थेट गाड्या तासाला एकेक. ६ फेऱ्यांना ९ गाड्या; तीन थेट फेऱ्यांना, तिन्हींना भगूरएवढाच वेळ आणि गाड्या सामाईक धरून, ७ गाड्या; एकूण १६. आता थेट गाड्या नाशिकरोडला थांबवा. मुख्य रस्त्यावर ९ गाड्या तशाच राहतात, दर दहा मिनिटांनी. उरलेल्या ७ गाड्या तासाभराचे छोटे फेरे करतात, म्हणजे तासाला ७ फेऱ्या : भगूरला ३, एकलहऱ्याला २, शिंदे-पळश्याला २. आधीही १६ गाड्या, नंतरही १६. भगूरला तासाला एक होती ती दर वीस मिनिटांनी झाली. किंमत मोजली ती मुख्य रस्त्यावरच्या उपनगर, द्वारका, शालिमार या थांब्यांवरच्या प्रवाशाने. त्याच्या रस्त्यावर ९ फेऱ्यांच्या ६ झाल्या.

त्याचं नुकसान दिसतं तेवढं नाही, कारण त्या ९ फेऱ्या समान अंतराने येतच नव्हत्या. हे सोप्या उदाहरणात बघा. तासाला तीन गाड्या आहेत. त्या बरोबर वीस-वीस मिनिटांनी आल्या तर कधीही थांब्यावर आलेल्या माणसाला सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. त्याच तीन गाड्या ५, ५ आणि ५० मिनिटांच्या फरकाने आल्या तर सरासरी २१ मिनिटांवर जाते, कारण बहुतेक माणसं त्या पन्नास मिनिटांच्या पोकळीतच थांब्यावर येतात. कागदावर दोन्हीकडे ‘तासाला तीन फेऱ्या’. चार वेगवेगळ्या ठिकाणांहून, चार वेगळ्या कोंड्यांतून आलेल्या गाड्या मुख्य रस्त्यावर मिसळल्या की पोकळ्या पडतातच. भगूरची गाडी देवळाली कॅम्पात अडकली याची शिक्षा उपनगरच्या थांब्यावरच्या माणसाला का?

पण इथे मूळ प्रस्तावात दुरुस्ती करतो. ९ च्या ६ फेऱ्या झाल्या म्हणजे बसायची-उभं राहायची जागा एक तृतीयांश घटली. दुपारी ते चालेल. सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ अजिबात चालणार नाही. पहिल्या दहा दिवसांतच लोक शेअर रिक्षाकडे वळतील आणि वळलेला प्रवासी सहजी परत येत नाही. त्यामुळे गर्दीच्या वेळी थेट गाड्या राहू द्याव्यात, तोडायच्या त्या ११ ते ४ आणि रात्री आठनंतरच्या. थेट गाडीला वेगळा क्रमांक हवा. एकाच क्रमांकाची गाडी सकाळी निमाणीला जाते आणि दुपारी नाशिकरोडला संपते, हा घोळ कोणत्याही परिस्थितीत नको. पाटी वाचून चढलेल्या माणसाला मध्येच ‘उतरा’ म्हणणारा कंडक्टर रोज भांडणं विकत घेईल.

द्वारकेबद्दल. वर उड्डाणपूल असला तरी शहर बसला खालच्या चौकातूनच जावं लागतं, आणि तिथला वेळ दिवसागणिक बदलतो हे मान्य. वेळापत्रक बिघडतं ते दोन कारणांनी, आणि कोंडी हे त्यातलं एकच. दुसरं कारण कागदावरचं आहे : धावण्याचा वेळ सरासरीवर ठरवलेला असतो. सरासरी धरली की साधारण निम्म्या फेऱ्यांना उशीर होणार हे आधीच लिहून ठेवल्यासारखं आहे. त्याऐवजी महिनाभराच्या जीपीएस नोंदींतून त्याच वेळेच्या, म्हणजे समजा संध्याकाळी सहाच्या, २० फेऱ्या घ्याव्यात, कमी ते जास्त अशा लावाव्यात आणि सतराव्या फेरीचा वेळ धरावा. बुधवार आणि सणांचे दिवस वेगळे काढावेत. संध्याकाळचा वेळ असा ४७ मिनिटं निघाला, तर फेरा १०८ मिनिटांचा होतो आणि ९ गाड्यांत दर १२ मिनिटांनीच गाडी देता येते. मग पाटीवर ‘दर १२ मिनिटांनी’ लिहावं. दहा लिहून पंधरा देण्यापेक्षा ते बरं.

दोन गाड्या जोडीने का येतात, तेही यातूनच कळतं. पुढची गाडी द्वारकेला चार मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यांवर चार मिनिटांची जास्त माणसं जमतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, गाडी आणखी मागे पडते. मागच्या गाडीला थांबे रिकामे मिळतात आणि ती पुढचीला गाठते. निमाणीत दोघी एकदम पोचतात. मग नियंत्रक काय करतो? वेळापत्रक बघतो, दोघींची वेळ टळलेली दिसते, आणि दोघींना लगेच परत पाठवतो. चालकाचा चहा आणि लघवीला जायची सात मिनिटं गेली, आणि जोडी परतीच्या वाटेवर तशीच राहिली. इथे घड्याळाकडे न बघता आधीची गाडी कधी सुटली तेवढंच बघायचं. पहिली सुटल्यावर दुसरी किमान आठ मिनिटांनी सोडायची, तिची वेळ टळली असली तरी. रोखून धरायची जागा निमाणी किंवा नाशिकरोड, जिथे गाडी बाजूला उभी करता येते. द्वारकेच्या चौकात गाडी रोखणं म्हणजे कोंडीत भर. आणि नियंत्रकाला ‘गाडी वेळेवर का सोडली नाही’ असं विचारणाऱ्या वरिष्ठाला आधी समजावावं लागेल, नाहीतर सगळं मुसळ केरात.

तिकिटाच्या मुद्द्यावर तुमच्याशी पूर्ण सहमत. पहिल्या टप्प्याचं भाडं किलोमीटरमागे सगळ्यात महाग पडतं, पुढचे टप्पे स्वस्त. त्यामुळे एक प्रवास दोन तिकिटांत मोडला की तेवढ्याच अंतराला जास्त पैसे जातात. हे सोडवल्याशिवाय मार्ग तोडूच नये. भगूरला चढतानाच निमाणीपर्यंतचं तिकीट द्यावं, त्यावर वेळ आणि मार्ग क्रमांक छापलेला असावा, आणि ९० मिनिटांत दुसऱ्या गाडीत ते चालावं. तिकीट मशीनमध्ये भाड्याचा एक जादा तक्ता घालण्याएवढंच हे काम आहे. पैशाच्या वाटणीची अडचणही येत नाही. सिटीलिंकमध्ये, म्हणजे नाशिकच्या शहर बस सेवेत, ठेकेदाराला पैसे मिळतात ते किलोमीटरवर, आणि तिकिटाचं उत्पन्न नाशिक महानगर परिवहन महामंडळाचं. कोणत्या गाडीत तिकीट फाटलं याने ठेकेदाराचं काही बिघडत नाही. एसटी आणि सिटीलिंक यांच्यात असं तिकीट करायचं म्हटलं तर मात्र वाटणीचा प्रश्न उभा राहतो, म्हणून तो विषय इथे आणत नाही. गळती होईल ती एकाच ठिकाणी : वापरलेलं तिकीट दुसऱ्याला देणं. दुसऱ्या कंडक्टरने तिकिटाचा कोपरा फाडला की तेही थांबतं.

गाडी बदलण्याची जागा कशी असावी हा खरा नाजूक भाग, आणि इथे मी मूळ लेखात अगदीच एका ओळीत आटोपलं होतं. नाशिकरोडच्या बिटको चौकात उतरवून रस्ता ओलांडायला लावणं चुकीचं. दोन्ही गाड्या एकाच फलाटाला, एकामागे एक, मधे रस्ता नाही आणि चालायचं अंतर पन्नास पावलांच्या आत, हे जमलं तरच बदल सुचवावा. रेल्वे स्टेशनसमोरच्या बसस्थानकात ते शक्य आहे, पण स्टेशनच्या वाटेवर रिक्षांची दाटी असते, म्हणून आत जाऊन बाहेर यायला किती मिनिटं लागतात हे आधी मोजावं. ती मिनिटं फेऱ्यात धरली नाहीत तर वरचा सगळा हिशेब खोटा ठरतो.

शहराकडे जाताना वेळ जुळवायची गरज नसते, पुढची गाडी दहा मिनिटांत येतेच. अडचण परतीची. निमाणीहून आलेल्या माणसाला भगूरची गाडी डोळ्यांदेखत सुटलेली दिसली की तो पुन्हा कधी बदलाच्या भानगडीत पडणार नाही. म्हणून भगूरची सुटायची वेळ मुख्य गाडीच्या पोचायच्या वेळेनंतर चार-पाच मिनिटांनी ठेवावी, आणि मुख्य गाडी उशिरा असेल तर तीन मिनिटांपर्यंत थांबावं. त्याहून जास्त थांबलं तर आत बसलेल्यांवर अन्याय. अपवाद शेवटच्या गाडीचा. ती मुख्य गाडी आल्याशिवाय सोडायचीच नाही, मग वीस मिनिटं का लागेनात. यासाठी निमाणीच्या नियंत्रकाने नाशिकरोडला एक फोन करायचा असतो, यंत्रणा वगैरे काही लागत नाही.

म्हाताऱ्या माणसांचं आणि पिशव्यांचं म्हणाल, तर बुधवारी दुपारीही थेट गाड्या ठेवाव्यात. गोदाकाठच्या बाजारातून भरल्या पिशव्या घेऊन येणाऱ्याला गाडीच्या पायऱ्या उतरून-चढून गाडी बदलायला सांगणं हा शुद्ध आचरटपणा होईल.

थांब्यांबद्दल थोडक्यात. एका थांब्याला वेग कमी करून पुन्हा धरण्यात पंधरा-वीस सेकंद जातात, चढ-उतार वेगळी. दहा थांबे गाळले तर एका बाजूला तीनेक मिनिटं वाचतात. ती फार नाहीत, आणि उन्हात चालण्याची किंमत देऊन तर नकोतच. जिथे दोन थांबे दोनशे मीटरच्या आत आहेत तिथेच एक करावा. दवाखाना, शाळा आणि रेशन दुकानाजवळचा थांबा हलवू नये.

सिन्नरचा उल्लेख तुम्ही केलात. तो मार्ग मी तोडा म्हणत नाही. तीसेक किलोमीटरच्या प्रवासात बरेचसे प्रवासी टोकापासून टोकापर्यंत जातात; तिथे बदल म्हणजे निव्वळ त्रास.

भगूरच्या गाडीत नेमकं काय घडतं हे तिकीट मशीनच सांगतं, कारण प्रत्येक तिकिटावर चढण्याचा आणि उतरण्याचा टप्पा असतो. दुपारच्या फेऱ्यांची महिनाभराची तिकिटं मोजावीत. निम्म्याहून जास्त प्रवासी नाशिकरोडच्या पुढे जात असतील तर मी माझा प्रस्ताव मागे घेतो, थेट गाडी राहू द्या. निम्म्याहून जास्त नाशिकरोडलाच उतरत असतील तर तोडा. माहिती अधिकारात हे आकडे मागता येतात. अर्जात मार्ग क्रमांक, महिना आणि ‘टप्पानिहाय तिकीट विक्री’ हे शब्द असू द्या, नाहीतर एकूण उत्पन्नाचा एकच आकडा हातात येईल. तोवर तुमच्या थांब्यावर एखाद्या मंगळवारी आणि गुरुवारी ११ ते ४ मधल्या सगळ्या गाड्यांच्या वेळा मिनिटासकट टिपल्यात आणि इथेच खाली लिहिल्यात, तर तिथे किती मोठ्या पोकळ्या पडतात ते काढून देतो.