पदकासोबत प्रयोगशाळेचा खर्चही द्या

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना २०२५ चा 'विज्ञान रत्न' हा राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार मरणोत्तर जाहीर झाला, तेव्हा आमच्या नौपाड्यातल्या घरच्या ग्रुपवर सगळ्यांना भरून आलं. मग वाद निघाला. केंद्र सरकारच्या या पुरस्कारात पदक आणि प्रशस्तिपत्र मिळतं, रोख रक्कम नाही. शास्त्रज्ञांना आधी मिळणाऱ्या भटनागर पुरस्काराला ५ लाख रुपये होते. दादा म्हणतो, सन्मान पैशात मोजू नये. मी जर्मनीत राहते, आणि मला हे पटत नाही.

इथल्या लायब्निझ या संशोधन पारितोषिकाची रक्कम २५ लाख युरोपर्यंत असते. ती घरी न्यायची नसते, संशोधनावरच खर्च करायची असते. कशावर, ते मात्र शास्त्रज्ञच ठरवतो. नाव एकाचं होतं आणि त्याच्या हाताखालच्या चार मुलांचे पगार निघतात.

डिसेंबरात ठाण्याला गेले होते. भाची नवी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करते. रात्री साडेनऊला आली, जेवता जेवता तिने मोबाइलवर बँकेचं खातं उघडून दाखवलं. पाच महिन्यांची फेलोशिप थकली होती. प्रयोगाला लागणारं, परदेशातून येणारं एंझाइम संपत आलेलं, नवं मागवायला पैसे नाहीत. म्हणून २० मायक्रोलिटरची रिअ‍ॅक्शन ती १० मध्ये बसवते. तिच्या सरांच्या खोलीत सन्मानचिन्हांनी एक अख्खं कपाट भरलंय.

चांगलं झालंय तेही सांगते. राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, २०२४ मध्ये, त्यातला चमूसाठीचा 'विज्ञान टीम' पुरस्कार चांद्रयान-३ च्या चमूला मिळाला. एकट्याने होणारं विज्ञान आता फार उरलेलं नाही, ते सरकारने ओळखलं. पण त्याच वर्षी निवड कशी झाली, असं विचारणारं पत्र शास्त्रज्ञांना सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांना लिहावं लागलं. ती वेळ यायला नको होती. जर्मन राष्ट्राध्यक्षांच्या तंत्रज्ञान पुरस्कारात अंतिम फेरीतले चमू आधीच जाहीर होतात.

नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिज सोडून मुंबईला टीआयएफआर या मूलभूत संशोधनाच्या संस्थेत आले, पुढे पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली. परतायला त्यांच्यासमोर काम होतं, ते करायला जागा मिळाली.

निघायच्या दिवशी भाचीने माझी बॅग खाली आणली. रिक्षात ठेवता ठेवता म्हणाली, "आत्या, पीएचडी झाल्यावर पुढच्या संशोधनासाठी तुझ्याकडे पोस्टडॉकची जागा निघाली तर कळव." मी हो म्हटलं.