पंजू कोण?

पाटलांच्या घरात 'पंजू' नावाचा मुलगा कुणी पाहिलाय का? आमच्या अलिबागजवळच्या पेझारीत पांडुरंग आहेत, पंढरीनाथ आहेत, दोन पप्पू आहेत आणि एक पिंट्या आता पन्नाशीला आलाय. पंजू नाही. तो फक्त एका ठिकाणी सापडतो, ३१ जुलै २०१६ ला पुस्तकरूपात आलेल्या हॅरी पॉटरच्या नाटकात. त्यात काळ मागेपुढे होतो आणि एका भलत्याच वर्तमानात हॅरीचा मित्र रॉन वीझलीचं लग्न पद्मा पाटीलशी झालेलं असतं. त्यांच्या मुलाचं नाव पंजू. नाटक लिहिलं जॅक थॉर्नने, मान्य. पण मुखपृष्ठावर नाव हॅरी पॉटर लिहिणाऱ्या रोलिंगबाईंचं होतं आणि मूळ कथेतही त्यांचा वाटा होता. किती जणांच्या हाताखालून ते गेलं असेल. एकालाही वाटलं नाही की एखाद्या पाटलाला विचारून बघावं?

रोलिंगबाईंवरून माझं मन उडालं ते तिथून. लोकांना हे हास्यास्पद वाटतं. 'ट्रान्स लोकांबद्दलच्या २०२० च्या त्या ट्वीट्सनंतर' म्हटलं की सगळे माना डोलावतात आणि 'पंजूनंतर' म्हटलं की हसतात. हसा. पण ही गोष्ट पाटलांपासूनच सांगावी लागेल.

पहिल्या पुस्तकात मुलांना हाउस वाटून देतात तो प्रसंग आठवा. एकेक आडनाव पुकारलं जातं आणि मध्येच दोन जुळ्या मुली येतात, 'पाटील' आणि 'पाटील'. संपलं. त्या पानावर त्यांना नावंसुद्धा नाहीत. तेरा वर्षांची मी, परळच्या चाळीत, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीच्या आडोशाला बसून वाचत होते. ते माझंच आडनाव बोटाने परत परत पुसून बघितलं, छपाईची चूक तर नाही ना म्हणून. शाळेतल्या मुली त्याला 'पटेल' म्हणायच्या आणि मी भांडायचे.

पुढे 'हॅरी पॉटर आणि परीस' हे मराठी भाषांतर घरात आलं तेव्हा आजीला रोज दुपारी थोडं वाचून दाखवायचे. परीस तिला माहीतच होता. झाडूवर बसून उडणं मात्र तिने अजिबात चालवून घेतलं नाही. "केरसुणीवर बसतात? लक्ष्मी आहे ती!" मग पाटील आले तेव्हा तिने तोंडातली मशेरी थुंकून विचारलं,

"कुठले पाटील?"

"इंग्लंडचे, आजी."

"ते झालं गं. मूळ गाव?"

मी ठोकून दिलं, "अलिबागकडचे." झालं. पुढच्या काही दुपारी आम्ही दोघींनी मिळून त्या मुलींचा बाप गोदीत कामाला लावला, तिथून बोटीवर चढवला आणि साउथॅम्प्टनला उतरवला. आई मात्र खमकी, मुलींना जादू शिकायला पाठवताना डब्यात सुकट दिलेली. पुस्तकात यातलं अक्षर नाही, पण आमच्यासाठी ते होतं.

चौथ्या पुस्तकात त्या जुळ्यांपैकी पार्वतीला हॅरी आणि पद्माला रॉन नाचाला घेऊन जातात आणि दोघंही तोंड पाडून बसतात. २००५ च्या सिनेमात तर त्या दोघींना जे काही नेसवलं होतं, ते बघून आई म्हणाली, "हे मांडवाच्या झालरीचं कापड आहे." सहाव्या पुस्तकात मात्र कमाल आहे. शाळेचे हेडमास्तर डम्बलडोर मारले जातात आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या आधीच पाटील जुळ्या घरी गेलेल्या असतात. आई म्हणाली, "हे मात्र खरे पाटील. गडबड दिसली की पोरी आधी घरात."

माझी कॉलेजातली एक मैत्रीण आहे. तेव्हा सगळे तिला मुलगा समजत होते, तीही बाहेर तसंच सांगायची. २१ जुलै २००७, शनिवार, भर पावसात आम्ही दोघींनी सकाळी सकाळी रांग लावून सातवं पुस्तक घेतलं. तिने छत्री पुस्तकावर धरली होती, आम्ही भिजलो. तीन महिन्यांनी रोलिंगबाईंनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सांगितलं की डम्बलडोर समलिंगी आहेत. आज मी म्हणेन, मग पुस्तकात लिहायचं होतं की, सात पुस्तकं कमी पडली का? पण तेव्हा इथे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम लागू होतं, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरून ते निघायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. मैत्रिणीने पेपरातली ती बातमी कापली, चार घड्या घातल्या आणि सातव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी ठेवली. कात्रीही नीट चालवली नव्हती, शेजारच्या जाहिरातीतला अर्धा फ्रिज त्यात आला होता.

एवढा भाव होता त्या बाईंचा आमच्याकडे.

मग पुस्तकं संपल्यावरही त्या बोलतच राहिल्या. पंजू आला. २०१८ च्या सिनेमात कळलं की नागिनी, व्होल्डेमॉर्टची ती सापीण, मुळात शाप असलेली एक बाई होती. ही भूमिका कोरियन नटीला दिली होती. बाई म्हणाल्या, वीस वर्षं हे गुपित सांभाळलं होतं आणि नागाची कल्पना इंडोनेशियाच्या पुराणकथांतली आहे. अहो, नागिणी हा शब्द आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतो. आणि वीस वर्षं माहीत असून एका आशियाई बाईला खलनायकाच्या पायाशी वळवळत ठेवली आणि शेवटी तिचं मुंडकं उडवलं, हे सांगायची एवढी हौस? पागडीच्या घरात भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहतो, रंग लावतो, माळा काढतो आणि एक दिवस मालक किल्ली घेऊन येतो, भिंत पाडतो. तसं वाटायला लागलं होतं.

मग जून २०२०. आम्ही लॉकडाउनमध्ये, भाज्या धूत बसलेलो. 'मासिक पाळी येणाऱ्या व्यक्ती' या शब्दांची टिंगल करणारं रोलिंगबाईंचं ट्वीट आलं आणि १० जूनला, ट्रान्स स्त्रियांना बायकांच्या जागांत येऊ देण्याविरुद्धचा, तो लांबलचक लेख. मी तो पूर्ण वाचला. त्यात त्यांनी स्वतः सोसलेल्या घरातल्या मारहाणीबद्दल आणि लैंगिक हल्ल्याबद्दल लिहिलं आहे. तेवढ्या परिच्छेदांपुरती मी पूर्ण त्यांच्या बाजूची होते. वीस वर्षं लोकलने जाणारी बाई आहे मी. लेडीज डबा म्हणजे काय, रात्रीच्या गाडीत त्या डब्यात पोलीस दिसला की कसं हायसं वाटतं, हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या भीतीचं बिल त्यांनी माझ्या मैत्रिणीच्या नावावर फाडलं. तिच्यासारख्या एखादीशी बसून बोलल्याचा, काही विचारल्याचा मागमूस मला त्या लेखात दिसला नाही.

२०२२ मध्ये मैत्रीण पहिल्यांदा माझ्याबरोबर लेडीज डब्यात चढली. साधा पंजाबी ड्रेस, केसांना क्लिप, हात बर्फासारखे गार. परळहून संध्याकाळची गाडी, म्हणजे गर्दी सांगायला नको. समोरच्या सीटवर तिघी बसलेल्या. कडेच्या बाईंच्या मांडीवर मेथीची जुडी होती, त्या निवडत होत्या. त्यांनी मान वर करून मैत्रिणीला नीट, सावकाश, वरपासून खालपर्यंत बघितलं. मला घाम फुटला. बाई म्हणाल्या, "कुठे उतरणार?" ही कशीबशी म्हणाली, "डोंबिवली." "मग उभी किती राहशील? ये चौथ्या सीटवर." आणि आतल्या दोघींना कोपराने ढोसलं. मुलुंड जाईपर्यंत मैत्रीण मेथी निवडायला लागली होती. आता सगळा डबा असाच असतो असं माझं म्हणणं नाही. त्याच महिन्यात दुसऱ्या गाडीत तिला ठाण्याला उतरवलंही गेलं.

आपल्या सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ ला तृतीय लिंगाला मान्यता दिली आणि स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्कही. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात होत्या. बरोबर अकरा वर्षं एक दिवसाने, १६ एप्रिल २०२५ ला, ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की त्यांच्या २०१० च्या समानता कायद्यात 'स्त्री' म्हणजे जन्मजात लिंगाने स्त्री. तो खटला लढवणाऱ्या संस्थेला रोलिंगबाईंनी ७० हजार पौंड दिले होते. निकालानंतर त्यांनी हातात सिगार आणि पेला घेतलेला फोटो टाकला. कायद्यावर वाद घालणारे घालोत. मला तो सिगार जास्त लागला.

त्या आठवड्यात मैत्रिणीने सातही पुस्तकं रद्दीवाल्याकडे नेली. तो म्हणाला, पुस्तकाला पेपरचा भाव नाही आणि पुठ्ठे फाडून वेगळे द्या. तिच्याने पुठ्ठे फाडवेनात. पिशवी तशीच माझ्याकडे आणून टाकली. "तुझ्या भाचीला दे. पण नवीन काही विकत घ्यायचं नाही, सिनेमा नाही, ती येणारी सिरीयल नाही, कांडीसुद्धा नाही." मी कबूल केलं. वाढदिवसाला कांडी मिळाली नाही म्हणून भाची दोन दिवस फुगून बसली होती, तेही सोसलं.

२०२३ च्या डिसेंबरात दादरच्या फलाटांचे नंबर बदलले, आता मध्य रेल्वेच्या बाजूला ९ आणि १० आहेत. पुस्तकात जादूच्या शाळेची गाडी पकडायला मुलं ९ आणि १० नंबरच्या फलाटांमधल्या भिंतीतून आत शिरतात, म्हणून भाची दर वेळी तिथे खांब चाचपते. परवा रात्री ती पहिलं पुस्तक घेऊन धावत आली, पानात बोट अडकवलेलं.

"आत्या, पाटील! दोन आहेत! कुठले गं?"

"अलिबागकडचे," म्हटलं. "बाप गोदीत होता."