जावईबापू, हे उडतं का?

गेल्या रविवारी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास माझ्या पत्नीच्या सख्ख्या मामांनी दुसऱ्या महायुद्धातील एका जपानी लढाऊ विमानाच्या डाव्या पंखावर आपला उजवा अंगठा उमटवला. विमान माझे होते, म्हणजे एकास बहात्तर या प्रमाणातली, मी जोडलेली प्लास्टिकची प्रतिकृती होती, आणि त्यावर चकचकीत वॉर्निशचा थर देऊन जेमतेम वीस मिनिटे झाली होती. मामांचा अंगठा वीस मिलिमीटर रुंद आहे असे धरले, तर खऱ्या विमानावर तो ठसा जवळपास दीड मीटर रुंदीचा झाला असता. हा हिशेब मी त्याच क्षणी मनातल्या मनात केला, कारण तोंडाने जे म्हणावेसे वाटत होते ते सासरच्या माणसासमोर म्हणण्याची सोय नसते.

विमान होते मित्सुबिशीचे झीरो, मॉडेल २१. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार बारा मीटर. माझ्या टेबलावर तो १६७ मिलिमीटर होतो, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीच्या निम्म्याहून थोडा जास्त. या सतरा सेंटिमीटरांवर मी सात आठवड्यांच्या संध्याकाळी घालवल्या होत्या. कॉकपिटवरच्या काचेला इतक्या बारीक चौकटी आहेत की प्रत्येक काच झाकण्यासाठी मास्किंग टेपचे नखाहून लहान तुकडे कापण्यातच त्यांपैकी तीन संध्याकाळी गेल्या. सुपरग्लूच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिक पांढरे पडते, हे मी मागच्या विमानाच्या वेळी शिकलो होतो, त्यामुळे या वेळी काच साध्या पांढऱ्या गोंदाने बसवली आणि रात्रभर तिच्याकडे न पाहता झोपलो. असे संयम माणसाला एरवी कुठे दाखवावे लागत नाहीत.

एकच अपघात झाला होता. कॉकपिटच्या मागे अँटेनाची एक बारीक काठी उभी असते. ती चिमट्यातून सुटली. चिमट्यातून सुटलेला भाग खाली पडत नाही, तो निघून जातो. मी बॅटरी घेऊन फरशीला गाल लावून पाऊण तास शोधले आणि मला दोन टाचण्या, एक गोळी आणि मागच्या वर्षी हरवलेले एका दुसऱ्याच विमानाचे चाक सापडले. शेवटी मी इतिहासाला शरण गेलो. जमिनीवरच्या तळांवरून उडणाऱ्या काही झीरो वैमानिकांनी, रेडिओचा धड उपयोग होत नाही म्हणून तो काढूनच टाकला होता आणि वजन वाचवण्यासाठी अँटेनाची काठीही करवतीने कापली होती. तेव्हा माझी काठी हरवलेली नाही, कापलेली आहे. यात अडचण एवढीच होती की शेपटीच्या बाजूला ‘अकागी’ या विमानवाहू जहाजाचा लाल पट्टा मी आधीच रंगवून बसलो होतो. पण ही विसंगती ओळखणारा माणूस आमच्या नात्यात नाही, असा माझा समज होता.

मामा तसे सज्जन आहेत. त्यांनी आयुष्यभर इतरांचे हिशेब तपासले, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला हिशेब उरले नाहीत म्हणून ते आता जे समोर येईल ते तपासतात. रविवारी समोर मी आलो. दिवाणखान्यात पंखा जोरात असतो आणि धूळ उडते, म्हणून मी आतल्या खोलीचे दार लोटून बसलो होतो. ते दार ढकलून मामा आले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, टेबलावर वाकले आणि म्हणाले, “जावईबापू, हे उडतं का?”

“नाही मामा.”

“मग बॅटरी?”

“बॅटरी नाही. नुसते पाहण्यासाठी आहे.”

“निदान चाकं तरी फिरत असतील.”

मी चाके मुद्दाम थोडी घासून, जमिनीवर वजनाने दबल्यासारखी चपटी करून चिकटवली होती, आणि त्याचा मला अभिमान होता. तो व्यक्त करण्याआधीच मामा म्हणाले, “चाकं आहेत आणि फिरत नाहीत!” त्यांनी ही त्रुटी मनात कुठेतरी लाल शाईने नोंदवल्याचे मला स्पष्ट दिसले.

“नाव काय याचं?”

“झीरो.”

“शून्य?”

“हो.”

“करणाऱ्यांनीच दिलेत का एवढे मार्क?”

इथे मी गप्प बसायला हवे होते. पण छंद असलेल्या माणसाला सात आठवड्यांत कोणी एकही प्रश्न विचारलेला नसतो, त्यामुळे कसाही प्रश्न आला तरी तो उत्तराला धावतो. मी सांगितले की जपानी नौदल विमानाला त्यांच्या शाही कालगणनेतील वर्षाच्या शेवटच्या अंकांवरून नाव देत असे. हे विमान १९४० साली सेवेत आले, ते त्यांचे वर्ष २६००, म्हणून प्रकार शून्य.

मामांनी क्षणभर छताकडे पाहिले. “मग आदल्या वर्षी आलं असतं तर?”

“नव्व्याण्णव. तसे एक बॉम्बफेकी विमान आहेही.”

“आणि पुढच्या वर्षी?”

“एक. तेही आहे.”

“म्हणजे नव्व्याण्णवपर्यंत आले,” मामा समाधानाने म्हणाले, “आणि एकदम शून्यावर घसरले. पुन्हा एकापासून सुरुवात.”

मला राग आला तो यामुळे की त्यांचे गणित अचूक होते. ‘प्रकार ९९’ हे आइचीचे सूर मारून बॉम्ब टाकणारे विमान आणि ‘प्रकार १’ हे मित्सुबिशीचे दोन इंजिनांचे बॉम्बफेकी विमान ही एकाच मालिकेतली नावे आहेत, हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षे लागली होती. मामांनी ते दोन प्रश्नांत काढले आणि वर त्याचे त्यांना काही कौतुकही नव्हते.

मग मी वाहवत गेलो. जिरो होरिकोशी नावाच्या अभियंत्याने या विमानाचे वजन कमी करण्यासाठी काय काय केले ते सांगितले. वैमानिकाच्या खुर्चीलासुद्धा वजन वाचवण्यासाठी भोके पाडली होती, आणि ती भोके मी शून्य नंबरच्या ब्रशने एकेक काळी केली आहेत, हेही सांगितले. ती आता काचेखाली गेल्यामुळे कोणालाच दिसणार नव्हती, तेव्हा निदान ऐकू तरी जावीत. वैमानिकाच्या पाठीशी चिलखती पत्रा नव्हता, गोळी लागल्यावर छिद्र आपोआप बुजेल अशा इंधनटाक्या नव्हत्या, म्हणूनच हे विमान इतके चपळ होते आणि इतके दूर जाऊ शकत होते, आणि म्हणूनच ते पेटही फार लवकर घेई. मामा ऐकत होते. म्हणाले, “काटकसर केली, पण चुकीच्या खात्यात केली.” युद्धाच्या इतिहासावरच्या जाड पुस्तकांत मी याहून नेमके वाक्य वाचलेले नाही, आणि ते फिरती चाके शोधणाऱ्या माणसाच्या तोंडून निघावे याचा मला आजही विषाद वाटतो.

“रंग मात्र मळखाऊ घेतलात, ते बरं केलंत,” असे म्हणून त्यांनी विषय संपवला.

मळखाऊ! झीरोचा मूळ रंग कोणता, या प्रश्नावर हा छंद असलेली माणसे कित्येक दशके एकमेकांशी भांडत आली आहेत. आधी सगळे त्याला फिका राखाडी रंग देत. मग उरलेल्या अवशेषांवर हिरवट, पिवळट, मातकट छटा दिसतात याकडे लोकांचे लक्ष गेले आणि जपानी कागदपत्रांतला ‘आमे-इरो’ हा शब्द चर्चेत आला. ‘आमे’ म्हणजे तिकडची पाकाची मिठाई. तेव्हा पाकाचा रंग, असे समजावे. एक पक्ष म्हणतो की ही छटा कारखान्यातूनच आली. दुसरा म्हणतो की मूळ राखाडीच, पुढे उन्हाने आणि वयाने वॉर्निश पिवळे पडले. भरीला आणखी एक भानगड अशी की मूळ रंग जसाच्या तसा लहान नमुन्यावर दिला तर तो फार गडद दिसतो, त्यामुळे त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो, आणि तो किती मिसळावा यावर स्वतंत्र भांडण आहे. मी तीन संध्याकाळी राखाडीत हिरव्याचे आणि पिवळसर तपकिरीचे थेंब टाकत बसलो होतो. थेंब मोजले होते, लिहून ठेवले नव्हते. हे वाक्य पुढे लागणार आहे.

अंगठ्याचा प्रसंग त्यानंतर घडला. “वाळलंय का हो?” असे मामांनी विचारले, पण प्रश्न आणि अंगठा एकाच वेळी निघाले आणि अंगठा आधी पोचला. ओल्या रंगाची ही एक विचित्र ओढ आहे. ‘रंग ओला आहे’ अशी पाटी बाकावर लावली की सज्जनातला सज्जन माणूसही बोट लावून खात्री करून घेतो. मी तर पाटीही लावली नव्हती. मामांनी अंगठा उचलला तेव्हा बारीकसा ‘चप्’ असा आवाज आला. त्यांनी तो अंगठा उजेडात धरून पाहिला, “नाही वाळलं अजून,” अशी मला माहिती दिली आणि तो टेबलावरच्या कागदाला पुसला. तो कागद म्हणजे खुणांची स्टिकरे कुठे बसवायची याचा नकाशा होता.

मी काही बोललो नाही. माझा चेहरा मात्र बोलला असावा, कारण दारात उभी असलेली पत्नी म्हणाली, “अहो, एवढं काय त्यात? पुसून टाका.”

पुसून टाका! वॉर्निश पुसता येत नाही, हे मी इथे शांतपणे नमूद करतो. आणि आता थोडे अशांतपणे बोलतो. मामा रोज सकाळी दीड तास शब्दकोडे सोडवतात. सोडवून झाले की तो कागद रद्दीत जातो. ते कोडे उडत नाही, त्याला बॅटरी नाही, ते उत्तरांसकट रेडीमेड मिळू शकते, आणि तरीही त्यांना आजवर कोणी ‘मग याचा उपयोग काय’ असे विचारलेले नाही. उलट ते कोडे सोडवत असताना घरात हळू बोलतात. मी टेबलावर वाकलो की मात्र मी ‘खेळत’ असतो. पन्नाशीच्या माणसाने सात आठवडे कोणालाही त्रास न देता एका खोलीत बसावे, यात कौतुक करण्यासारखे काही नसेल तर नसो, पण निदान हात लावण्यापूर्वी विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावे, एवढी अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

पुढचे तीन दिवस दुरुस्तीत गेले. वॉर्निश पूर्ण कडक होईपर्यंत थांबलो, मग दोन हजार नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात बुडवून ठसा हलक्या हाताने घासला. वॉर्निश गेले, ठसा राहिला. आणखी घासले. ठसा गेला, त्याबरोबर रंगही गेला आणि खालचा प्रायमर दिसू लागला. पुन्हा रंग देणे आले. थेंब लिहून ठेवले नव्हते हे तेव्हा आठवले. अंदाजाने मिश्रण केले, एअरब्रशने फवारले, आणि सकाळी उजेडात पाहिले तर उजवा पंख पाकाच्या रंगाचा आणि डावा शुद्ध राखाडी. झीरोच्या रंगाबद्दलचे दोन्ही पक्ष एकाच विमानात सामावून घेणारा मी बहुधा पहिलाच असेन.

काल रात्री मामांचा फोन आला. “जावईबापू, तुमचं ते नव्व्याण्णव झालं का पूर्ण?”

मी ‘शून्य’ अशी दुरुस्ती केली नाही. झाले, म्हणालो.

“छान. त्या दिवशी सांगायचं राहिलं, त्याच्या पाठीवर एक भोक आहे बघा, काहीतरी बसवायचं राहिलंय. रविवारी येतो आहेच, तेव्हा दाखवतो कुठे ते.”

आज दुपारी मी विमान कपाटाच्या अगदी वर, भिंतीला टेकवून ठेवले. मामांचा हात तिथे पोचत नाही. स्टूल घेतले तर पोचेल, म्हणून स्टूलही माळ्यावर टाकले. माळ्यावर चढायला ते स्टूलच लागते, हे माझ्या लक्षात आले तेव्हा ते आत सरकवून झाले होते, आणि टेबलाच्या कडेवरून खाली उतरताना पायाला काहीतरी बारीक टोचले. अँटेनाची काठी होती. मधोमध मोडली होती.