गाणं आधीच गाजत होतं

'देस्पासितो' या स्पॅनिश गाण्यावरचा तुमचा लेख आवडला, पण 'जस्टिन बीबर आला म्हणून देस्पासितो चाललं' हे वाक्य खटकलं. पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या लुईस फॉन्सी आणि डॅडी यांकी या गायकांचं मूळ गाणं जानेवारी २०१७ मध्ये आलं. बीबरचं रीमिक्स, म्हणजे इंग्रजी ओळी घातलेली आवृत्ती, एप्रिलमध्ये. तोवर हे गाणं अमेरिकेतल्या बिलबोर्ड या लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीतल्या लॅटिन यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं होतं! रीमिक्समुळे इंग्रजी रेडिओची दारं उघडली, हे मान्य. पुढे हॉट १०० या बिलबोर्डच्या मुख्य यादीत सलग १६ आठवडे पहिला नंबर टिकला, त्यात त्याचा वाटा नक्कीच आहे. पण पाया स्पॅनिशच.

आणि एरिका एंडरचं नावच नाही लेखात? पनामाच्या या गीतकार बाईंनी फॉन्सीसोबत हे गाणं लिहिलं. याचं फार वाईट वाटलं. गाणाऱ्यांची नावं सगळ्यांना पाठ असतात, लिहिणारे मात्र मागेच राहतात.

एकदा हेडफोन लावून सुरुवात ऐका. ती तार छेडली जाते ना, ते क्वात्रो, पोर्तो रिकोचं दहा तारांचं वाद्य. मग पहिल्या ध्रुवपदाशी ठेका क्षणभर थांबतो आणि फॉन्सी 'देस-पा-सि-तो' एकेक अक्षर सोडत म्हणतो. शब्दाचा अर्थच 'हळूहळू'! मला स्पॅनिश येत नाही, तरी या जागेला दरवेळी अंगावर काटा येतो.

व्हिडिओ पोर्तो रिकोची राजधानी सान हुआनच्या ला पेर्ला वस्तीतला आहे. समुद्राला लागून रंगीत घरं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिको उद्ध्वस्त केलं. आता तो व्हिडिओ बघताना त्या घरांकडेच लक्ष जातं.