'पळवाट' म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

आईच्या स्तनाच्या कॅन्सरवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया टाकलीत, त्यात मधेच एक वाक्य आहे, 'केमोला घाबरून आईला हार्मोनच्या गोळ्यांवर ठेवलंत, ही पळवाट झाली.' ते वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय.

आधी तुमचं बरोबर ते सांगते. पाल्बोसायक्लिबचं (कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी गोळी) पेटंट भारतात 2022 ला संपलं असं मी लिहिलं होतं, ते जानेवारी 2023. दुरुस्त केलंय. झालं समाधान?

आता पळवाट. आईचा रिपोर्ट ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारा कॅन्सर, आणि हर-टू निगेटिव्ह, म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन वाढलेलं नाही; पसरलेलं होतं ते मणक्यात आणि खुब्यात, लिव्हर-फुप्फुसं साफ. अशा पेशंटला आधी हार्मोनचीच ट्रीटमेंट देतात, लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी आणि जोडीला पाल्बोसायक्लिब किंवा त्याच जातीचं रायबोसायक्लिब, केमो पुढच्यासाठी हातात ठेवतात. लिव्हर वगैरे बंद पडायच्या बेतात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे बहुतेक डॉक्टर थांबत नाहीत, केमोच सुरू करतात. ही माझी अक्कल नाही, डॉक्टरांनी ओपीडीत कागदावर चित्र काढून समजावलं होतं.

आणि घाबरून म्हणे! आमच्या फ्रिजवरचं कॅलेंडर बघायला यायचं होतंत, 21 दिवस टिकमार्क, 7 दिवस सुट्टी, मग सीबीसी म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, पांढऱ्या पेशी घसरल्या की पुढची पट्टी लांबणीवर. लेट्रोझोलने सकाळी तिची बोटं इतकी आखडायची की लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडून द्यावं लागायचं. पुढे गोळ्या चालेनाशा झाल्या तेव्हा फुल्वेस्ट्रंट, हार्मोनच्याच ट्रीटमेंटचं इंजेक्शन, एरंडेलातलं घट्ट औषध, सिस्टर सिरिंज तळहातात घोळवून कोमट करायच्या आणि दोन्ही कुल्ल्यांवर एकेक, हळूहळू टोचायच्या. आई भिंतीकडे बघत भीमरूपी म्हणायची.

त्यानंतर केमो पण झाली हो! कॅपेसिटाबिन. ती पण गोळीच असते, सलाईन लावलं तरच केमो असं काही नाही. तळपायांची सालं निघाली, घरात मोजे घालून फिरायची. हे सगळं लेखाच्या शेवटच्या दोन पॅरात आहे, तिथपर्यंत तुम्ही पोचलाच नाहीत हे उघड आहे.

खर्चाचं आणि सेकंड ओपिनियनचं तुमचं म्हणणं वाचलं, त्यावर आत्ता वाद घालत नाही. आणि ते 'ताई, भावनेच्या भरात लिहू नका' पुन्हा नको. तुम्हाला भाऊ मानलेलं मला तरी आठवत नाही.