गाभण कुत्रीला कॅल्शियम पाजू नका, थर्मामीटर आणा

घरातली कुत्री गाभण आहे हे कळलं की पहिली खरेदी कॅल्शियमच्या बाटलीची होते. शेजारच्या काकू सांगतात, केमिस्ट काढून देतो आणि आपल्याला डोहाळे पुरवल्याचं समाधान मिळतं. माझ्या मते याच्याइतका चुकीचा लाड दुसरा नाही. गाभणपणात बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणणारी पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्तावते. व्याल्यावर दूध सुरू होतं, मागणी एकदम वाढते आणि रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. मग धाप, थरथर, पाय ताठ होणं, शेवटी फिट. लहान जातीच्या आणि भरपूर पिल्लं झालेल्या कुत्रीला याचा धोका जास्त. तेव्हा पिल्लं बाजूला करून तडक डॉक्टरकडे. शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं. तोंडाने पाजत बसण्यात वेळ जातो. गाभणपणात चांगलं पपी फूड पुरतं. सहाव्या आठवड्यापासून हळूहळू वाढवत शेवटी नेहमीच्या सव्वा ते दीडपट, पण चार-पाच वेळा थोडं थोडं, कारण पोटात जागाच उरत नाही.

दिवस साधारण 63, मेटिंगपासून मोजले तर पाच दिवस इकडेतिकडे. 55व्या दिवसानंतर एक एक्स-रे काढाच. पिल्लांची हाडं तोवर दिसू लागतात, मोजता येतात. पाच दिसली आणि चारच आली, तर रात्री दोन वाजता अंदाज बांधत बसावं लागत नाही. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून ताप मोजा. एरवी 101च्या आसपास असणारा पारा 99 फॅरनहाइटच्या खाली आला की बहुतेक वेळा चोवीस तासांत कळा सुरू होतात. दिवसातून एकदाच मोजलंत तर ही घसरण निसटते.

जोरदार कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू नाही, आत पिल्लं असताना दोन तास काहीच नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव: गाडी काढा. कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून घरी टोचू नका. पिल्लू अडकलेलं असेल तर गर्भाशय फाटू शकतं. मुंबईत परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक असतं, पण दहिसरहून तिथवर पोहोचायला किती वेळ लागेल? जवळपास रात्री सिझेरियन कोण करतं, हे महिनाभर आधी फोन करून विचारा. पग किंवा फ्रेंच बुलडॉग असेल तर सिझेरियनची वेळ वारंवार येते, म्हणून हा प्रश्न मेटिंगच्या आधीच विचारायचा.

व्यायला ठेवायच्या पेटीत कुत्री ऐसपैस आडवी झाली पाहिजे. आतून भिंतीपासून चार इंचांवर दांडी लावा, म्हणजे पिल्लू आईच्या पाठीमागे चिरडत नाही. पेटी बाल्कनीत नको, एसीच्या झोताखाली तर नकोच. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 29 ते 32 अंश सेल्सियस लागतं. मे महिन्यात मुंबईत ते फुकट मिळतं, बल्ब लावून उलट भाजाल. खरी पंचाईत जुलैत. टॉवेल वाळत नाहीत आणि दमट कापडावर पिल्लं गारठतात. दोन डझन जुने टॉवेल जमवा, इस्त्रीने वाळवा.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. पहिल्या दिवशी किंचित घटलं तर चालतं, नंतर रोज वाढायलाच हवं, दहाएक दिवसांत दुप्पट. पिल्लू गार लागलं तर आधी हळूहळू ऊब द्या, मग दूध. गारठलेल्या पोटाला दूध पचत नाही. नुसतं गाईचं दूध पुरत नाही, त्यात कुत्रीच्या दुधापेक्षा प्रथिनं आणि स्निग्धांश कमी असतात. आणि पिल्लाला बाळासारखं उताणं धरून पाजू नका, दूध फुप्फुसात जातं. पालथंच ठेवायचं, डोकं जरासं वर.